मारल्यानंतरचा हात

२४ नोव्हेंबर २०२५ ला धर्मेंद्र गेला. त्या रात्री मी माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली. माझ्या वडिलांना, अण्णांना, जाऊन सतरा वर्षं झाली होती आणि या सतरा वर्षांत त्या ट्रंकेच्या कडीला मी हात लावला नव्हता. वर त्यांचा मरून स्वेटर, त्याखाली चष्म्याची दोन घरं आणि तळाशी सुतळीनं बांधलेले गॅली प्रुफांचे गठ्ठे. लांबट, पिवळ्या पडलेल्या पट्ट्या. एका बाजूला छापलेला मजकूर: कुणाचा सत्कार, कुणाचा लिलाव, सुताचे भाव. पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीच्या ओळी, एकमेकींवर चढलेल्या, तिरक्या गेलेल्या. थिएटरच्या अंधारात, पडद्यावरून नजर न हलवता लिहिलेलं अक्षर असंच असतं. हे अक्षर जगात दोघांनाच वाचता येत होतं. आता एकटीला येतं.

अण्णा सोलापुरातल्या एका दैनिकात मुद्रितशोधक होते. शिशाच्या खिळ्यांचा काळ. संध्याकाळी सहाला जायचे, रात्री दीडला यायचे. सिनेमाची परीक्षणं हे काही त्यांचं काम नव्हतं. सामाजिक, कौटुंबिक, बंगाली वळणाचे चित्रपट पाहायला छापखान्यात जाणकार मंडळी होती. मारधाडीच्या सिनेमाला कुणी जायला तयार नसायचं. १९६६ साली 'फूल और पत्थर' आला तेव्हा तो अण्णांच्या गळ्यात पडला, आणि पुढची तेवीस वर्षं पडद्यावरची प्रत्येक हाणामारी त्यांच्याच वाट्याला आली. त्यांनी ती आनंदानं घेतली.

त्या पहिल्या परीक्षणाची पट्टी गठ्ठ्यात सर्वांत वर होती. 'फूल और पत्थर'मधला धर्मेंद्र गुंड आहे, शाका त्याचं नाव. त्याचा उघडा देह पाहायला लोक पुनःपुन्हा जात होते, मासिकं त्या छातीबद्दल लिहीत होती. अण्णांनी दुसरंच टिपलं होतं. तो सदरा उतरवतो तो छाती दाखवायला नाही. रस्त्याकडेला आजारी पडलेल्या म्हाताऱ्या भिकारणीच्या अंगावर घालायला उतरवतो. पट्टीवर अण्णांनी लिहिलंय, 'या माणसाची ताकद आपल्याला दिसली ती त्यानं अंगावरचं दुसऱ्याला दिलं म्हणून.' ओ. पी. रल्हननं दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटानं धर्मेंद्रला 'हीमॅन' केलं. आमच्या घरात मात्र तो कायम 'सदरेवाला' राहिला.

मी पहिल्यांदा अण्णांबरोबर गेले ती 'मेरा गाँव मेरा देश'ला. मी सात वर्षांची. आई धाकट्याच्या बाळंतपणासाठी माहेरी होती, मला ठेवायचं कुणाकडे, म्हणून त्यांनी मला बाल्कनीत शेजारी बसवलं. खाली पिटात गिरणीची पहिली पाळी सुटलेली माणसं होती. अंगावर कापसाचा भुगा, कानावर विडी. सोलापूरचा पिट चार भाषांत बोलायचा. पूर्व भागातले पद्मशाली विणकर तेलुगूत, कोणी कानडीत, कोणी दख्खनीत, कोणी मराठीत. पडद्यावर पहिला ठोसा पडला की चारही भाषा संपायच्या आणि एकच शिट्टी उरायची.

मी घाबरून डोळे झाकले होते. अण्णांनी माझे हात डोळ्यांवरून बाजूला केले नाहीत. कानाशी वाकून एवढंच म्हणाले, "मारामारी नाही बघितलीस तरी चालतं. मारायच्या आधी काय झालं ते बघ, आणि मारून झाल्यावर तो हाताचं काय करतो ते बघ. मधलं काम फाइट मास्टरचं."

हेच त्यांचं सारं समीक्षाशास्त्र. पुढं मी मराठी साहित्यात एम. ए. केलं, समीक्षेवरची जाड पुस्तकं वाचली. त्याहून उपयोगी असं मला काही सापडलं नाही.

मधल्या कामाचा त्यांना तिटकारा होता असं मात्र नाही. घरी चटईवर ते मला ठोसा समजावून सांगायचे. मूठ नाकापासून वीतभर लांबून जाते. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्याआड असतो, म्हणून मधली पोकळी दिसत नाही. मान झटकतो, मागं फेकला जातो, टेबल मोडून पडतो तो समोरचा माणूस. आवाज तर नंतर भरतात. "म्हणजे ठोसा खरा करतो तो पडणारा," ते म्हणायचे, "आणि त्याचं नाव कुणी लिहीत नाही." म्हणून परीक्षणाच्या शेवटी ते फाइट मास्टरचं नाव आवर्जून द्यायचे. डुप्लिकेटची नावं तर श्रेयनामावलीतही नसत. 'शोले'मधल्या टांग्याच्या पाठलागात हेमा मालिनीच्या जागी रेश्मा पठाण ही बाई जीव धोक्यात घालत होती, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. अण्णांना कळलं असतं तर त्यांनी तिचं नाव ठळक खिळ्यांत लावून घेतलं असतं.

'मेरा गाँव मेरा देश'मधला धर्मेंद्र भुरटा चोर आहे. त्याला माणसात आणतो तो एक हात गमावलेला निवृत्त हवालदार. ती भूमिका जयंत या नटानं केली. चार वर्षांनी 'शोले' आला. त्यात पुन्हा धर्मेंद्र, पुन्हा डाकू, पुन्हा चोराला हाताशी धरणारा वडीलधारा माणूस, पण या वेळी त्याला दोन्ही हात नाहीत. आणि ते हात तोडणारा गब्बर म्हणून उभा होता अमजद खान, जयंतचाच मुलगा. जयंत वारला २ जून १९७५ ला. 'शोले' लागला १५ ऑगस्टला. मुलाचं नाव देशभर झालं ते बापाला पाहायला मिळालं नाही. अण्णांनी हे समजल्यावर पट्टीच्या कडेला लिहून ठेवलंय, आणि त्याखाली दोन रेघा मारल्यात. परीक्षणात ते आलं नाही. चित्रपटाबाहेरचं ते परीक्षणात आणत नसत.

मुंबईत मिनर्व्हाला 'शोले' पाच वर्षं चालला. आमच्याकडे तो आला तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि अण्णांची लेखनिक झाले होते. रविवारी सकाळी ते पट्टी माझ्यापुढं धरायचे, मी अडखळत वाचायची, ते दुरुस्त करून सांगायचे आणि मी स्वच्छ अक्षरात उतरवायची. 'शोले'चं परीक्षण उतरवताना त्यांना तीनदा थांबावं लागलं. जय मेल्यावर त्याच्या मित्राला, धर्मेंद्रच्या वीरूला, जय कौल लावायचा ते नाणं सापडतं, दोन्ही बाजूंनी सारखंच. म्हणजे शेवटच्या वेळी मरणाची बाजू जयनं मुद्दाम स्वतःकडे घेतली होती. तिथं अण्णा थांबले. मग वीरू एकटा निघतो, गब्बरला गाठतो, मारतो. आणि मारता मारता थांबतो, कारण हात तुटलेला ठाकूर येतो आणि गब्बरला जिवंत हाती देण्याच्या, जयनं दिलेल्या शब्दाची आठवण करून देतो. अण्णा म्हणाले, "लिही. मारणं सोपं आहे. मेलेल्या मित्रानं दिलेल्या शब्दासाठी उगारलेला हात खाली आणणं, हा या चित्रपटातला सर्वांत मोठा पराक्रम आहे."

तिसऱ्यांदा ते शेवटाशी थांबले. ठाकूर गब्बरला तुडवतो आहे, आता संपवणार, एवढ्यात पोलीस येतात, कायद्याची भाषा बोलतात आणि सगळं आटोपतं. अण्णांना ते रुचलं नाही. इतका वेळ ज्यासाठी जीव टांगणीला लावला, त्याचं 'नंतर' कुठं गेलं? खूप वेळ ते खिडकीबाहेर पाहत बसले. मग त्यांनी सांगितलेलं वाक्य मला अजून पाठ आहे: 'अखेरीस दिग्दर्शक कचरला.' सोमवारी ते तसंच छापून आलं.

त्या काळी जाणती माणसं दोन धर्मेंद्र मानायची. एक 'बंदिनी', 'अनुपमा', 'सत्यकाम'चा, बिमल रॉय आणि हृषीकेश मुखर्जींच्या हाताखालचा. दुसरा मारधाडीचा, ज्याच्याबद्दल बोलायचंसुद्धा नाही. अण्णांना ही वाटणी मान्य नव्हती. 'सत्यकाम'मधला सत्यप्रिय मरणाच्या दारात पोचेपर्यंत खोट्यावर सही करत नाही, त्यापायी सगळं गमावतो आणि आजारपणात संपतो. "तिथं हात सहीसाठी उठत नाही," ते म्हणायचे, "इथं अन्यायावर उठतो. हात एकच आहे." धर्मेंद्रचे वडील शाळामास्तर होते, पंजाबातल्या खेड्यात. अण्णांना वाटायचं, त्या हातात मास्तराची छडी आणि मास्तराची माया दोन्ही आहेत. एवढं करून त्याला उत्कृष्ट अभिनेत्याचं फिल्मफेअर कधीच मिळालं नाही. १९९७ साली जीवनगौरव मिळाला तेव्हा मंचावर त्यानं सांगितलं, की दर वर्षी या वेळी तरी मिळेल म्हणून तो नवा सूट शिवून घ्यायचा. दूरदर्शनच्या संचासमोर बसलेल्या अण्णांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. चष्मा स्वच्छच होता.

पण आवडत्या माणसाबद्दलही खोटं लिहायचं नाही, हा त्यांचा नेम होता. १९८७ च्या 'हुकूमत'नं भरपूर धंदा केला. त्यानंतर धर्मेंद्रच्या सूडपटांची रांग लागली. पन्नाशी उलटलेला तो माणूस एकामागून एक चित्रपटांत तेच करत राहिला. अण्णा प्रत्येकाला गेले. पट्ट्या आखूड होत गेल्या. एका पट्टीवर चारच ओळी आहेत: 'आधी काही नाही. नंतर काही नाही. नुसतं मधलं आहे. आपला माणूस दमला आहे आणि त्याला कोणी बस म्हणत नाही.'

हे परीक्षण छापलं गेलं नाही. थिएटरवाल्यांच्या जाहिराती येत, त्यांना असलं लिखाण नको होतं. वरिष्ठांनी बोलावून सांगितलं, जरा सांभाळून लिहा. अण्णांनी सांभाळून लिहिण्याऐवजी लिहिणं थांबवलं. ते साल १९८९. मुद्रितशोधनाचं काम निवृत्तीपर्यंत केलं, त्याच टेबलावर, त्याच लाल पेन्सिलीनं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या परीक्षणांतले ऱ्हस्वदीर्घ ते तेवढ्याच निष्ठेनं तपासायचे. घरी त्यांनी याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला मात्र आजही त्याचा राग आहे. ज्या रात्री ते सदर बंद झालं त्या रात्री ते दीडला आले, जेवले आणि पाठकोऱ्या पट्ट्यांचा उरलेला गठ्ठा माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "तुला नोट्स काढायला होतील." मी तो कधी वापरला नाही. तो कोराच ट्रंकेत सापडला.

मग गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले. पिटातली माणसं पांगली. एकेक थिएटर पाडलं गेलं किंवा कुलपात गेलं.

काचबिंदूनं अण्णांची नजर गेली ती याच सुमारास. आधी कडा गेल्या, मग मधलं. ज्या माणसानं जन्मभर अक्षर आणि पडदा या दोनच गोष्टी पाहिल्या, त्याचं दोन्ही गेलं. मी त्यांना वाचून दाखवायला लागले. २००० साली 'शोले'च्या निर्मितीवर अनुपमा चोप्रांचं इंग्रजी पुस्तक आलं. मी ते भाषांतर करत करत वाचत होते. शेवटाचं प्रकरण आलं. रमेश सिप्पीनं मुळात ठाकूरकडूनच गब्बरला मारवलं होतं. पण आणीबाणी होती, सेन्सॉरनं ते चालू दिलं नाही. माजी पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे दाखवायचं नव्हतं. प्रदर्शनाला थोडे दिवस उरलेले असताना ठाकूर झालेल्या संजीव कुमारला सोव्हिएत रशियाहून बोलावून घेतलं, चित्रीकरणाच्या जागी, रामनगरला पुन्हा जाऊन पोलिसांचा शेवट चित्रित केला.

अण्णा ताठ बसले. "म्हणजे तो कचरला नव्हता," ते म्हणाले.

"नाही, अण्णा. त्याला करू दिलं नाही."

"मी चुकीचं छापलं की." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "पंचवीस वर्षं चुकीचं छापलेलं राहिलं. शुद्धिपत्र द्यायला पाहिजे."

ज्या दैनिकात ते छापलं होतं तिथं आता त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. मी म्हटलं, देऊ कधीतरी. त्यांनी मान हलवली. पुढच्या आठ वर्षांत ते तीन-चारदा तरी म्हणाले असतील, "अगं, ते शुद्धिपत्र राहिलंय." मी दर वेळी हो म्हणत गेले.

आम्ही शेवटचा चित्रपट बरोबर पाहिला तो २००७ साली, श्रीराम राघवनचा 'जॉनी गद्दार'. मी शेजारी बसून कुजबुजत सांगत होते, तीस वर्षांपूर्वी ते मला सांगायचे तसं. धर्मेंद्र त्यात म्हातारा झालेला टोळीचा म्होरक्या आहे, शेषाद्री. वारलेल्या बायकोचा आवाज तो टेपवर लावून ऐकत बसतो. आवाज सुरू झाला तसं मी सांगायचं थांबवलं, कारण आता अण्णांना आणि धर्मेंद्रला सारखंच ऐकू येत होतं. आईला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. अण्णांनी अंधारात माझ्या हातातून पेन्सिल मागून घेतली. कागदावर काहीतरी लिहिलं. त्यांना दिसत नव्हतं, मला अंधारात दिसत नव्हतं. घरी येऊन पाहिलं तर एकच शब्द होता: 'नंतर.'

मार्च २००८ मध्ये अण्णा गेले. शेवटचे तीन दिवस त्यांची बोटं चादरीवर हलत होती. नर्सला वाटलं, भ्रम झालाय. मी ती हालचाल ओळखली. समासात खुणा करत होते ते: हे गाळा, इथं जागा सोडा, हे जोडून घ्या.

धर्मेंद्र जाण्याआधी दोन आठवडे त्याच्या मरणाची खोटी बातमी पसरली होती. जिवंत माणसाला श्रद्धांजल्या वाहिल्या गेल्या आणि घरच्यांना खुलासे करावे लागले. त्या दिवशी मला अण्णांची फार आठवण आली. खात्री नसेल तर ओळ सोडा, पण चुकीचं छापू नका, हे ते शिकाऊ पोरांना सांगायचे. मग २४ तारखेला बातमी खरी ठरली. विले पार्ल्याला पवनहंस स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. नव्वदावा वाढदिवस चौदा दिवसांवर आला होता.

आणि अठरा दिवसांनी, १२ डिसेंबरला, 'शोले' पुन्हा लागला. नवा केलेला, मूळ शेवटासह. तो शेवट मधल्या काळात व्हिडिओवर इकडंतिकडं मिळत होता, पण मी पाहिला नव्हता. सिनेमा पडद्यावरच पाहायचा, हा अण्णांचा नेम मी मोडला नाही. पहिल्याच दिवशी दुपारच्या खेळाला गेले. ट्रंकेतली एक कोरी पट्टी आणि पेन्सिल बरोबर घेतली. शेजारची खुर्ची रिकामी होती.

या वेळी पोलीस आले नाहीत. ठाकूरनं गब्बरला मारलं. आणि मग, पन्नास वर्षं आम्हाला न दिसलेलं, ते आलं. सूड पुरा झालेला ठाकूर विजयी होऊन उभा राहत नाही. तो कोसळतो, रडू लागतो. त्याला हातच नाहीत, त्यानं डोळे कशानं पुसायचे? वीरू त्याला सावरतो. मित्र गमावलेला माणूस, घर गमावलेल्या माणसाला धरून उभा राहतो.

अण्णा जन्मभर जो हात शोधत होते तो हा होता. तो सिप्पीनं चित्रित केला होता, धर्मेंद्रनं दिला होता, कात्रीनं कापला होता. मी पट्टीवर लिहिलं. अंधारात ओळ तिरकी गेली, आधीच्या ओळीवर चढली. माझंही अक्षर आता अण्णांसारखंच येतं.

दैनिकात नाही, तर इथं. उशिरा, पण त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्याच रीतीनं देते.

शुद्धिपत्र: १९७५ साली 'शोले' या चित्रपटाच्या परीक्षणात 'अखेरीस दिग्दर्शक कचरला' असे छापले गेले आहे. ते 'अखेरीस दिग्दर्शकाला अडवले गेले' असे वाचावे.